मनाचं मॉडेल : माप कोणाचं?

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पत्रकात वाचून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संगणकावर माणसाच्या मनाची प्रतिकृती बनवणं, हा काय आपला विषय? आपल्याकडे पोटगीच्या तारखा आहेत, रजिस्टरं भरायची आहेत, रात्री अकराला घराबाहेर काढलेली बाई दारात उभी आहे. तिला आधी जेवायला घालायचं की संगणकाच्या गप्पा मारायच्या?

जेवायलाच घालायचं. पण हा विषय आता आपण न बोलावताच आपल्या दारात आला आहे. 'मन मोकळं करा, मी ऐकतोय' असं म्हणणारी यंत्रं मोबाइलवर आहेत. बाया, विशेषतः तरुण मुली, त्यांच्याशी बोलतात. कधी आपल्याकडे यायच्या आधी बोलतात, कधी आपल्याकडे न येता त्यांच्याशीच बोलतात. उद्या एखादी देणगीदार संस्था किंवा सरकारी खातं आपल्या केंद्राला म्हणेल, की हेल्पलाइनवर चार बाया बसवण्यापेक्षा हे यंत्र लावा. पगार वाचेल, रात्रपाळीचा प्रश्न मिटेल. त्या वेळी 'आम्हाला यंत्र नको' एवढं म्हणून भागणार नाही. 'आलंय तर घेऊ या' हेही चालणार नाही. या यंत्राच्या पोटात मनाची कोणती कल्पना भरली आहे, ती कोणाच्या मनावरून बेतली आणि बेतताना काय कापून टाकलं, हे आपल्याला विचारता आलं पाहिजे. ते विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

मापाचा ब्लाउज

'मॉडेल' या शब्दाला बिचकू नका. शिंप्याकडे आपण मापाचा ब्लाउज देतो. शिंपी त्या ब्लाउजवरून नवं कापड बेततो, बाईला समोर उभं करत नाही. मॉडेल म्हणजे असंच काहीतरी. मूळ गोष्ट नव्हे, तर तिच्यातलं कामापुरतं उचलून केलेली प्रतिकृती. मापाच्या ब्लाउजवरून खांदा कळतो, बाही कळते. ती बाई दिवसभर काय काम करते, तिचा हात किती वर जातो, ती बाळाला पाजते का, हे कळत नाही. हवामान खातं पावसाचं मॉडेल करतं, त्यात पाणी नसतं, आकडे असतात. तेव्हा गाळणं हा मॉडेलचा दोष नाही. गाळल्याशिवाय मॉडेल होतच नाही. आपले प्रश्न दोनच : मापाचा ब्लाउज कोणाचा होता? आणि जे गाळलं, ते कोणाला महागात पडतं?

मनाचं मॉडेल गणितात करता येईल ही कल्पना तशी जुनी आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत वॉरन मॅक्कुलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं एक अगदी साधं रूप मांडलं. पेशी एक तर पेटते किंवा पेटत नाही, आणि अशा पेशी एकमेकींना जोडल्या की त्यातून तर्क करता येतो. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात एक बैठक भरली. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव त्या बैठकीच्या प्रस्तावातून रूढ झालं. प्रस्तावावर चार नावं होती, चारही पुरुषांची.

त्याच काळात ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी एक नवीन पद्धत बसवली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कोडी घालायची आणि सांगायचं, की डोक्यात जे चाललंय ते मोठ्याने बोलत जा. ते बोलणं शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. मग त्याच पायऱ्यांनी तेच कोडं सोडवणारा प्रोग्रॅम लिहायचा. प्रोग्रॅमच्या पायऱ्या आणि मुलाच्या पायऱ्या जुळल्या, की म्हणायचं, विचाराचं मॉडेल मिळालं. पद्धत कष्टाची आणि प्रामाणिक होती. १९७२ मध्ये या कामावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात 'मानवी' हा शब्द होता. कोडी कसली होती? अक्षरांच्या जागी आकडे बसवून बेरीज जमवणं, तर्कशास्त्रातल्या सिद्धता आणि बुद्धिबळ.

१९९८ मध्ये ॲलिसन ॲडम या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी विचार करणारी यंत्रं आणि लिंगभाव यांवर एक पुस्तक लिहिलं. या परंपरेकडे त्यांनी स्त्रीवादी नजरेने पाहिलं आणि साधीच गोष्ट दाखवून दिली. मोजके, तरुण, तांत्रिक शिक्षण घेणारे पुरुष विद्यार्थी बोलले, आणि त्याला नाव दिलं गेलं 'माणसाचा विचार'. म्हणजे मापाचा ब्लाउज कोणाचा हे लेबलवर लिहिलंच नाही. लेबलवर लिहिलं, 'सर्वांना बसेल'.

इथे घोटाळा नको. बाईचं डोकं जन्मतःच वेगळं असतं, तिला तर्क जमत नाही, असं मी म्हणत नाही. असं म्हणणाऱ्यांशी तर आपण आयुष्यभर भांडतो आहोत. पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक म्हणजे एनियाक. १९४६ मध्ये तो जगापुढे आला, तेव्हा त्याच्यावर गणितं बसवण्याचं काम सहा बायकांनी केलं होतं. त्याआधी 'कॉम्प्युटर' हा शब्द हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठी वापरत, आणि हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. तेव्हा प्रश्न कुवतीचा नाही. कशाला 'विचार' म्हणायचं हे कोणी ठरवलं, हा प्रश्न आहे. बुद्धिबळाच्या पटावर सगळं समोर दिसतं, नियम ठरलेले असतात आणि सोंगट्यांना भूक लागत नाही. महिनाअखेरीला डब्यात किती तांदूळ उरलेत, नवऱ्याचा पगार हातात पडेल की नाही, सासूचं आज काय बिनसलंय, मुलीची फी मागायची ती चहाच्या वेळी की जेवणानंतर, हे सगळं एकदम तोलणारी बाई विचारच करत असते. पण तिला कोणी मोठ्याने बोलायला सांगितलं नाही, की तिचं बोलणं उतरवून घेतलं नाही.

एलायझाशी बोललेली बाई

आता आपल्या कामाच्या जवळ येऊ. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी टाइप केलेल्या वाक्यांना उत्तरं देणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. नाव 'एलायझा'. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं हे नाव. तिला एक प्रोफेसर उच्चभ्रूंची बोली शिकवतो. मराठीत ती आपल्याला पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा म्हणून माहीत आहे. पुरुषाने बोलायला शिकवलेली बाई, म्हणून यंत्राला तिचं नाव.

या एलायझाला मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका दिली होती. तिची युक्ती अगदी सोपी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा ठरलेला शब्द पकडायचा, 'माझं'चं 'तुमचं' करायचं आणि वाक्य प्रश्न करून परत द्यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर, बाई म्हणाली, 'नवरा माझ्याशी बोलत नाही', की यंत्र म्हणणार, 'नवरा तुमच्याशी बोलत नाही असं तुम्हाला का वाटतं?' 'आई' शब्द आला की म्हणणार, घरच्यांबद्दल अजून सांगा. काहीच सापडलं नाही, तर 'पुढे बोला'. नवरा म्हणजे काय, आई म्हणजे काय, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

वायझेनबाउम यांनी आपल्या लेखात नमुन्यादाखल एक संवाद छापला आहे. त्यात बोलणारी एक तरुण बाई आहे. तिचं पहिलंच वाक्य पुरुषांबद्दलची तक्रार आहे, सगळे सारखेच असतात अशा अर्थाची. पुढे ती सांगते, की तिच्या मित्रानेच तिला इथे यायला लावलं आणि ती उदास असते असं त्याचंच म्हणणं आहे. मग गाडी वडिलांवर येते. आपल्या केंद्रात अशी बाई आली, तर आपल्या कार्यकर्तीचे कान लगेच टवकारतील. तुला पाठवणारा तो, तुझं निदान करणाराही तोच? यंत्र मात्र वाक्य उलटवून परत देत राहतं. ते तिला फिरून फिरून तिच्याच डोक्यात पाठवतं.

'असं तुम्हाला का वाटतं?' हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. पोलीस चौकीत, सासरच्या बैठकीत आणि कित्येकदा दवाखान्यात बाईला तो विचारला जातो. 'मारतो' हे वाक्य 'मारतो असं तिला वाटतं' असं झालं, की मारणारा वाक्यातून बाहेर पडतो. उरते फक्त ती आणि तिचं वाटणं.

या एलायझाची एक गोष्ट फार सांगितली जाते. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी त्यांना कित्येक महिने हा प्रोग्रॅम लिहिताना पाहत होती. तो नुसता प्रोग्रॅम आहे हे तिला माहीत होतं. तरी ती त्याच्याशी बोलायला बसली आणि दोनचार वाक्यं होताच तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. तेव्हापासून या बाईचा दाखला एकाच गोष्टीसाठी देतात : माणसं किती सहज फसतात बघा!

मला या प्रसंगाचा दुसरा अर्थ लागतो. ती फसली असेलही. पण तिने केलं काय? आपल्या बोलण्यावर कान ठेवून उभ्या असलेल्या साहेबाला तिने बाहेर काढलं. तिला यंत्र हवं होतं की एकांत हवा होता, हे कोणी तिला विचारल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. आपल्याकडे येणाऱ्या किती बायांना सगळ्यात आधी हेच हवं असतं : दार लावून घ्या, आणि हे सोबत आलेत ना, त्यांना बाहेर बसवा.

वायझेनबाउम पुढे आपल्याच निर्मितीने अस्वस्थ झाले. १९७६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून बजावलं, की संगणकाला काय जमेल एवढंच विचारून चालणार नाही. जमलं तरी काही कामं त्याच्याकडे सोपवू नयेत. दुसऱ्याचं दुःख समजून घेण्याचं काम त्यांपैकी एक. २००८ मध्ये वारेपर्यंत ते या मुद्द्यावर ठाम राहिले.

डोक्यात कोंडलेला बाप

त्यांचा वाद विशेषतः ज्यांच्याशी झाला, ते केनेथ कोल्बी हे मनोविश्लेषक होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोल्बींनी एक वेगळंच काम हाती घेतलं होतं : मानसिक त्रासाचं संगणकावर मॉडेल करण्याचं. त्यासाठी मापाला घेतली एक बाई, त्यांच्याकडे उपचाराला आलेली. तिच्या समजुती वाक्यांच्या रूपात संगणकात भरल्या. वडिलांनी मला टाकलं, ही एक. मी वडिलांवर प्रेम केलं पाहिजे, ही दुसरी. वडिलांचा मला राग येतो, ही तिसरी. दुसरी आणि तिसरी एकमेकींशी भांडतात. मग प्रोग्रॅम काय करतो, तर रागाचं वाक्य बदलून टाकतो. राग वडिलांऐवजी दुसऱ्याच कोणावर काढायचा, किंवा 'मला राग येतो'चं 'त्यांनाच माझा राग येतो' करायचं, किंवा राग इतका पातळ करायचा की तो राग वाटूच नये. मनोविश्लेषणात यांना बचावाच्या तऱ्हा म्हणतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ मार्गारेट बोडन यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात या मॉडेलची बारकाईने चिकित्सा केली. ते ढोबळ आहे हे त्यांनी दाखवलं, पण असं मॉडेल केल्यामुळे सिद्धांतातल्या मोघम गोष्टी स्पष्ट मांडाव्या लागतात, हा त्याचा फायदाही सांगितला. तो फायदा मलाही मान्य आहे.

पण मॉडेलमध्ये काय नाही ते पाहा. बाप नाही. 'बाप' हा शब्द आहे, तिच्या डोक्यातला. त्याने खरंच टाकलं का, का टाकलं, त्या वेळी घरात खायला होतं का, आई कुठे होती, हे प्रोग्रॅमला विचारता येत नाही आणि त्याची त्याला गरजही नाही. त्याच्या दृष्टीने दुखणं म्हणजे दोन वाक्यांचं भांडण. मग बरं होणं म्हणजे काय? ते भांडण मिटणं. घर होतं तसंच राहिलं, तरी चालेल.

१९६६ मध्ये कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरच्या उपचाराची योजना मांडली. एक यंत्र तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. हेतू वाईट नव्हता. मनोरुग्णालयांत डॉक्टर फार कमी होते. आपल्याकडे आज काय वेगळं आहे? पण उपचार एकदा डोक्यातल्या डोक्यात मिटणारा ठरवला, की तासाला शेकडो हा हिशेब सुचतो. ज्या बाईला राहायला जागा हवी आहे, तिला तासाला शेकडोच्या गतीने जागा देता येत नाही.

आपल्या चळवळीने काय शिकवलं

त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बायका छोट्या गटांत बसून एकमेकींना आपल्या गोष्टी सांगू लागल्या होत्या. नंतर आपल्याकडेही वस्त्यांतून, शिबिरांतून बाया अशाच बसल्या. एकीने सांगितलं, मला रात्री झोप लागत नाही. दुसरी म्हणाली, मलाही. तिसरी म्हणाली, तो दारू पिऊन येईपर्यंत मीही जागीच असते. तिथे कळलं, की हा झोपेचा आजार नाही, ही पाळत आहे. जे एकटीच्या डोक्यात दुखणं होतं, ते दहाजणींच्या बोलण्यात व्यवस्था म्हणून दिसलं. मनाचं आपलं मॉडेल हे आहे. ते कागदावर नाही, पण आपण रोज त्यावर काम करतो. बाईचं मन तिच्या कवटीत संपत नाही. ते घरात, नात्यांत, रेशनकार्डावर, कोणाच्या नावावर खोली आहे त्यात पसरलेलं असतं.

म्हणूनच १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो दवाखान्यात नव्हे, पोलीस यंत्रणेच्या आत. त्याच्या आदल्या वर्षी, १९८३ मध्ये, कलम ४९८अ आलं होतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तर मानसिक छळालाही हिंसा म्हणतो आणि बाईला घरात राहण्याचा हक्क देतो. मन आणि घर या कायद्याने एका वाक्यात आणले आहेत. पुण्यात बापू ट्रस्ट उभा करणाऱ्या भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं आणि बाईच्या मानसिक त्रासाकडे समाजातून पाहा, हा आग्रह २०२४ मध्ये जाईपर्यंत सोडला नाही. आपली कार्यकर्ती बाईला आधी काय विचारते? काल कुठे झोपलीस? मुलं कोणापाशी आहेत? कागदपत्रं हातात आहेत का? हे प्रश्न एलायझाच्या यादीत नव्हते.

आजचं यंत्र

तुम्ही म्हणाल, ही सगळी साठ वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आजची यंत्रं किती पुढे गेलीत! खरं आहे. आता कोणी वाक्यं एकेक करून भरत नाही. मॅक्कुलक-पिट्स यांच्या त्या साध्या पेशीच्या वंशातली जाळी आता इतकी अवाढव्य झाली आहेत, की ती पुस्तकं, वर्तमानपत्रं, लोकांचं लिहिणं-बोलणं अब्जावधी शब्दांनी वाचून स्वतःच शिकतात. अशा जाळ्यांचा पाया घालणाऱ्या जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ती शिकतात कशी? ढोबळमानाने सांगते. ज्या शब्दांची उठबस एकत्र, ते शब्द यंत्राच्या लेखी जवळचे. 'चहा'च्या जवळ 'साखर', 'वकील'च्या जवळ 'कोर्ट'. यात नवीन काही गाळलं जात नाही असं वाटतं, पण समाजाने आधीच गाळलेलं तसंच आत येतं. २०१६ मध्ये काही संशोधकांनी इंग्रजी बातम्यांवर शिकलेल्या अशा एका मॉडेलला कोडं घातलं : पुरुषाला संगणकाचा प्रोग्रॅमर, तर बाईला काय? उत्तर आलं, गृहिणी. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आयलिन चालिश्कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की इंटरनेटवरच्या मजकुरावर शिकलेल्या मॉडेलमध्ये बायकांची नावं घर-कुटुंबाच्या शब्दांजवळ बसतात आणि पुरुषांची नावं नोकरी-पगाराच्या. माणसांच्या मनातले जे पूर्वग्रह मानसशास्त्रज्ञ चाचण्यांनी मोजत होते, तेच यंत्रात उतरले होते. तुर्की भाषेत 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द आहे. त्यांनी तुर्कीतून इंग्रजीत भाषांतर करून पाहिलं, तर यंत्राने डॉक्टरला 'तो' केलं आणि नर्सला 'ती'. आपल्या मराठीत तर क्रियापदालाही लिंग लागतं. इंग्रजीतला डॉक्टर मराठीत आणताना 'आले' की 'आल्या' हे यंत्राला ठरवावंच लागणार. कशावरून ठरवणार? आजवर जे छापलं गेलं त्यावरून.

याला दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये अशाच मॉडेलांचा उपयोग करून अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या लेखनात बायकांविषयीच्या कल्पना दशकागणिक कशा बदलत गेल्या, ते मोजण्यात आलं. म्हणजे हेच यंत्र आरसा म्हणून वापरलं, तर आपल्या उपयोगाचं आहे. आरशाला सल्लागार केलं, की पंचाईत होते.

आणखी एक गोष्ट. या यंत्राने घाणेरडं, हिंसक बोलू नये म्हणून कोणीतरी आधी तसला मजकूर वाचून त्यावर खुणा कराव्या लागतात. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने छापलं, की चॅटजीपीटीसाठी हे काम केनियातल्या कामगारांकडून तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीवर करून घेतलं गेलं. लैंगिक अत्याचारांची वर्णनं दिवसभर वाचून त्यांच्या मनावर झालेले परिणामही त्यांनी सांगितले. यंत्राचं मन नितळ राहावं म्हणून माणसांची मनं गढूळ झाली. घरकामासारखंच हे, केलेलं कोणाला दिसत नाही.

टेसाची गोष्ट

आता माझ्या दृष्टीने आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. अंगाने जाड दिसू या धास्तीने मुली उपाशी राहतात, खाल्लेलं ओकून काढतात, जिवावर बेततं, असे हे आजार. या संस्थेची हेल्पलाइन वीसहून जास्त वर्षं चालली. थोडे पगारी कर्मचारी आणि पुष्कळ स्वयंसेवक होते. कामाचा ताण वाढला, म्हणून कर्मचाऱ्यांनी युनियन केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च २०२३ अखेर, त्यांना कळवण्यात आलं की हेल्पलाइन बंद होते आहे. लोकांना पुढे 'टेसा' नावाच्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळवण्यात येणार होतं.

मे महिन्याच्या अखेरीस, हा आजार स्वतः भोगलेल्या एका कार्यकर्तीने टेसाशी बोलून पाहिलं. टेसाने तिला वजन कमी करण्याचे सल्ले दिले : रोजच्या उष्मांकांत इतकी कपात करा, दर आठवड्याला वजन करा. ज्या मुली याच आकड्यांनी आजारी पडतात, त्यांना हेच आकडे! तिने ते जाहीर केलं आणि ३० मे २०२३ रोजी टेसा बंद करावी लागली. अभ्यासकांनी टेसा मुळात ठरावीक, तपासलेल्या उत्तरांची केली होती. नंतर तिच्यात स्वतः उत्तरं जुळवण्याची सोय घातली गेली, हे पुढे उघड झालं.

यंत्र दुष्ट नव्हतं. बाईने वजनाबद्दल विचारलं की जगभरच्या मजकुरात जे सांगितलेलं असतं, तेच त्याने सांगितलं. हेल्पलाइनवरच्या मुलीने ते सांगितलं नसतं, कारण फोन करणारी कोणत्या जागेवरून बोलते आहे, ते तिला कळलं असतं.

मग आपण काय करायचं?

यंत्राकडे वळणाऱ्या मुलीला नावं ठेवायची नाहीत, हे पहिलं. रात्री दोन वाजता कोणापाशी बोलणार ती? आपली केंद्रं सहाला बंद होतात. यंत्र कंटाळत नाही, 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' असं लगेच म्हणत नाही, शेजारणीला जाऊन सांगत नाही. एखादीला स्वतःचं दुःख पहिल्यांदा शब्दांत मांडायला त्याने मदत होत असेल, तर ते थोडं नाही. सरकारची 'टेलि-मानस' ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक आपण भिंतीवर लावला पाहिजे, कारण तिथे माणसं बसलेली आहेत.

दुसरं असं, की कोणी यंत्र घेऊन आलं तर पुढचे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लेखी घ्यायची.

१. हे कोणाच्या बोलण्यावरून शिकलं? आपल्यासारख्या बाया, आपली बोली, आपली घरं त्यात होती का?

२. बाईने 'मारतो' म्हटलं, तर हे 'असं तुम्हाला वाटतं' म्हणेल, की तिला जिवंत माणसापाशी पोहोचवेल? किती वेळात, आणि ते माणूस कोण?

३. तिचं बोलणं कुठे साठतं? मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात असतो. त्याला ते वाचता येईल का? कंपनीला ते पुढच्या यंत्राला शिकवायला वापरता येईल का?

४. चूक झाली तर जबाबदार कोण? टेसाचा सल्ला ऐकून एखादीचं बरंवाईट झालं असतं, तर नाव कोणाचं लागलं असतं?

५. कंपनीने दुकान गुंडाळलं तर? वोबॉट हे मन मोकळं करायचं ॲप २०१७ मध्ये आलं, खूप गाजलं आणि ३० जून २०२५ रोजी बंद झालं. आपल्या केंद्राला कुलूप लागलं, तर निदान शेजारच्या केंद्राचा पत्ता दारावर लावता येतो.

६. यंत्र आल्यावर कोणाची नोकरी जाणार आहे? ती बाई या बैठकीत आहे का?

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. आपल्या केंद्रांच्या कपाटांत वर्षानुवर्षांची रजिस्टरं आहेत. बाया कशा बोलतात, काय लपवतात, केव्हा रडतात, कोणत्या प्रश्नाने मोकळ्या होतात, हे सगळं त्यात आहे. मनाचं मॉडेल करणाऱ्यांना यापेक्षा मोलाचं काही नाही, आणि उद्या ते मागायला येतील. 'नुसतं स्कॅन करून देतो, नावं काढून टाकतो' म्हणतील. ती रजिस्टरं संस्थेची मालमत्ता नाही, त्या बायांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे. त्यांना विचारल्याशिवाय एक पानही बाहेर जाऊ नये, असा ठराव प्रत्येक केंद्राने करावा, असं मी सुचवते.

आणि एक काम आपणच सुरू करू या. न्यूएल आणि सायमन यांनी मुलांना मोठ्याने विचार करायला लावलं. आपल्या अनुभवी समुपदेशिकांनीही एकदा मोठ्याने विचार करावा. बाई समोर आल्यावर आपण आधी काय पाहतो, कोणता प्रश्न मागे ठेवतो, तिच्या गप्प बसण्याचा अर्थ कसा लावतो, हे त्यांनी बोलावं आणि नव्या मुलींनी लिहून घ्यावं. बायांचा तपशील त्यात नको, आपली रीत हवी. ती रीत आजवर एकीकडून दुसरीकडे तोंडी गेली. ती लिहिली गेली, तर नव्या कार्यकर्तीला शिकायला होईल. शिवाय उद्या कोणी मॉडेल समोर ठेवून 'हे बघा माणसाचं मन' म्हणालं, तर आपल्यापाशीही शेजारी ठेवून ताडून पाहायला माप असेल.

आता गटागटांनी बसू या. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा. त्यावर सगळ्यात जास्त वाद होईल आणि तो व्हायला हवा.